असू दे, लागेल कधीतरी

गाडी कुणाचीही असो, ती दिसली की "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न मराठी माणसाच्या तोंडून आपसूक बाहेर पडतो. माउंटन बाइकवाल्यांच्या घोळक्यात हा मान "ट्रॅव्हल किती?" या प्रश्नाला आहे. दगडाचा दणका बसल्यावर चाक किती मिलिमीटर वर सरकू शकतं, याचा तो आकडा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा वेगळा, मागच्या चाकाला शॉकमुळे मिळणारा वेगळा. विचारणारा अगदी सहज विचारल्यासारखं दाखवतो, आणि उत्तर देणाराही टायरमध्ये हवा भरता भरता, मान वर न करता, "170 पुढे, 160 मागे" असं सांगून टाकतो. पण तेवढ्यात काय ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. ज्याचा आकडा लहान, तो पुढचा अर्धा तास जरा खालच्या आवाजात बोलतो.

तसं या आकड्यांचं कोष्टक सोपं आहे. चढउताराची शर्यत लावणाऱ्या क्रॉस-कंट्रीवाल्यांना 100 ते 120 मिलिमीटर. सुट्टीच्या दिवशी हौसेने रानात हिंडणाऱ्यांच्या ट्रेल बाइकला 120 ते 150. उतारावर घड्याळ लावणाऱ्या, पण वर मात्र स्वतःच्या पायांनी जाणाऱ्या एन्ड्युरोवाल्यांना 150 ते 180. आणि लिफ्टने वर जाऊन थेट खाली झेपावणाऱ्या डाउनहिलवाल्यांना 200. आता अडचण अशी, की दुकानात जाऊन "मी आपला सुट्टीच्या दिवशी हौसेने हिंडणारा" असं म्हणणारा माणूस विरळा. प्रत्येक जण स्वतःच्या वरच्या पायरीकडे बोट दाखवतो. ट्रेलवाला एन्ड्युरोची सायकल मागतो, एन्ड्युरोवाला जवळजवळ डाउनहिलची. फक्त डाउनहिलवालेच काय ते 200 वर समाधानी दिसतात. त्यांच्या समाधानाचं रहस्य वेगळं आहे, त्याकडे पुढे येतोच.

मी राहतो तो कॅलिफोर्नियातला बे एरिया म्हणजे या हौसेचं माहेरघर. सस्पेन्शनच्या धंद्यातली मोठी नावं इथल्याच सॅन होजे आणि सांताक्रूझच्या परिसरात वाढली. त्यामुळे इथला माणूस कामाला सॉफ्टवेअरमध्ये असला, तरी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तो लो-स्पीड कम्प्रेशन आणि हाय-स्पीड कम्प्रेशन यांतल्या फरकावर अधिकारवाणीने बोलतो. आमचे एक स्नेही आहेत. मूळचे सांगलीचे. मंडळाच्या गणपतीत आरतीचा वरचा सूर त्यांचा, आणि आमच्या घोळक्यात सगळ्यांत मोठा ट्रॅव्हलही त्यांचाच. ही 170 मिलिमीटरची सायकल ते बहुतेक वेळा सॅन राफेलजवळच्या चायना कॅम्प स्टेट पार्कमध्ये चालवतात. फार सुंदर जागा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला ओकची झाडं, आणि मधून वळणं घेत जाणारी गुळगुळीत मातीची पायवाट. तिथला सगळ्यांत मोठा अडथळा म्हणजे वाटेच्या मधोमध संथपणे चालणाऱ्या रानटी टर्की, आणि त्यांच्यावर सस्पेन्शनचा इलाज चालत नाही. मी एकदा स्नेह्यांना म्हटलं, "अहो, इथे एवढ्याचं काय करायचं?" ते म्हणाले, "असू दे हो. लागेल कधीतरी."

या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या घराघरांतले माळे भरलेले आहेत. चौघांच्या घरात पन्नास माणसांच्या भाताचं पातेलं असतं ते याच वाक्यामुळे. आणि खरं सांगायचं तर ते पातेलं मुंजीला उतरतंच की खाली. स्नेही म्हणतात, तशी मुंज आपल्याकडेही असते. उन्हाळ्यात एकदा ते ताहोजवळच्या नॉर्थस्टारच्या बाइक पार्कमध्ये जातात. तिथे लिफ्टमधून सायकल वर न्यायची आणि खडकांमधून, उंच पायऱ्यांवरून, पाळण्यासारख्या वळणांवरून खाली यायचं. त्या दिवशी 170 पैकी प्रत्येक मिलिमीटर जिवाचं रान करतो. त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नाही. फक्त एवढंच, की त्या बाइक पार्कच्या पायथ्याशीच डाउनहिलची सायकल, हेल्मेट आणि अंगावरच्या चिलखतासकट, भाड्याने मिळते. मुंजीचं पातेलंही भाड्याने मिळतंच. पण भाड्याच्या पातेल्यावर आपलं नाव कोरलेलं नसतं.

या खेळाची कुळकथा पाहिली तर ट्रॅव्हलचा हा अट्टहास आणखी गमतीदार वाटायला लागतो. चायना कॅम्पपासून फार लांब नाही, त्याच मरीन काउंटीत फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. गावामागच्या डोंगरातून एक कच्चा रस्ता कॅस्केड कॅन्यनमध्ये उतरतो. साधारण तीन किलोमीटरमध्ये 1300 फूट खाली. 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही उत्साही तरुणांनी तिथे पहिली शर्यत लावली. सायकली कोणत्या, तर 1930-40 च्या काळातल्या, पोरांनी पेपर टाकायला वापरलेल्या जुन्या श्विन. वजन वीस किलोच्या आसपास, टायर फुगीर, आणि ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोहोचेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि पुढच्या फेरीआधी तो हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याला रिपॅक म्हणतात. त्या रस्त्यावरचा विक्रम गॅरी फिशरच्या नावावर आहे: 4 मिनिटं 22 सेकंद. ट्रॅव्हल किती? शून्य. मोजायचाच झाला तर कोपर आणि गुडघे.

त्या वेळेचा हिशेब केला तर सरासरी वेग ताशी 40 किलोमीटरच्या पुढे निघतो. आणि आज मरीन काउंटीच्या त्याच रानांतल्या रस्त्यांवर सायकलला वेगमर्यादा आहे ताशी 15 मैल, म्हणजे 24 किलोमीटर. पायी चालणारा दिसला तर 5 मैल. या भागात रेंजर स्पीडगन घेऊन उभे राहिल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत आपण कुठून कुठे आलो बघा. शून्य मिलिमीटरवाला माणूस जिथून 40 च्या वेगाने धुरळा उडवत गेला, तिथे 170 मिलिमीटरवाला माणूस 24 च्या आत राहून, समोरून कुत्रा फिरवणाऱ्या आजी आल्या की घंटी वाजवून, "गुड मॉर्निंग" म्हणत उतरतो. साधनं वाढली आणि वापरायची परवानगी घटली. फेअरफॅक्समध्ये 2015 पासून सायकलींचं एक संग्रहालय आहे. तिथे त्या जुन्या सायकली मांडलेल्या आहेत. बाहेर उभ्या असलेल्या, पाहुण्यांच्या चकचकीत सायकली पाहिल्या की संग्रहालयाच्या भिंतीच्या कोणत्या बाजूला जास्त धाडस आहे, असा प्रश्न पडतो.

अर्थात शून्याचं गुणगान करण्यातही अर्थ नाही. सस्पेन्शनची गरज होतीच. पॉल टर्नर नावाच्या, मोटरसायकलींच्या जगातून आलेल्या माणसाने 1989 च्या सुमारास रॉकशॉक्स नावाने फोर्क बाजारात आणला. ट्रॅव्हल जेमतेम पाच सेंटीमीटर. लोकांनी नाकं मुरडली. उगाच वजन, उगाच खर्च, आणि चढावर सायकल बेडकासारखी उड्या मारणार, वगैरे. मग 1990 साली कोलोरॅडोतल्या डुरँगोला माउंटन बाइकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने तो फोर्क लावून जिंकली. नाकं सरळ झाली. त्यानंतर आकडा जो वाढत सुटला, तो नव्या शतकाच्या सुरुवातीला 300 मिलिमीटरपर्यंत गेला. मार्झोकी या इटालियन कंपनीने सुपर मॉन्स्टर नावाचा फोर्क काढला होता, तो एवढा ट्रॅव्हल द्यायचा. युटाच्या लाल कड्यांवरून, दोन-तीन मजल्यांच्या उंचीवरून उड्या टाकणाऱ्यांसाठी होता तो. दिसायला मोटरसायकलचा वाटायचा आणि वजनालाही फार कमी नसावा.

तो आज कुठे दिसतो? कुठेच नाही. उताराच्या विश्वचषकात धावणाऱ्या सायकली वीसेक वर्षांपासून 200 मिलिमीटरच्या आसपास थांबलेल्या आहेत. त्या लोकांकडे पैसा आहे, कारखाने आहेत, अभियंते आहेत. हवा असेल तर 250 चा फोर्क उद्या सकाळी तयार होईल. पण ट्रॅव्हल वाढवला की सायकल उंच होते, जड होते, ब्रेक दाबला की पुढून खोल बुडते, आणि वळणातून बाहेर पडताना आळसावल्यासारखी वागते. हे सगळं घड्याळात दिसतं. म्हणून ते थांबले. डाउनहिलवाल्यांच्या समाधानाचं रहस्य हेच. त्यांना "पुरे" म्हणायला घड्याळ आहे. उलट क्रॉस-कंट्रीवाले 80 वरून 100 वर आणि आता 120 वर आले, कारण 1996 साली अटलांटाला या खेळाने ऑलिंपिकमध्ये पाऊल ठेवलं तेव्हाचे मार्ग आणि टोकियो ऑलिंपिकसाठी इझूला बांधलेला खडकाळ मार्ग यांत बराच फरक पडला. म्हणजे वाढवण्यासाठीही त्यांच्याकडे घड्याळाचाच पुरावा होता.

आपल्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाकडे, घड्याळ नाही. हातावर असतं, पण ते हृदयाचे ठोके मोजायला आणि डॉक्टरांना दाखवायला. दहा सेकंद आधी पोहोचलो काय आणि दहा मिनिटं उशिरा पोहोचलो काय, खाली कॉफीवाला तोच. मग आपल्याला "पुरे" कोण सांगणार?

सांगणारी एक वस्तू सायकलवर असते खरी. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक बारीकशी काळी रबरी रिंग असते. फोर्क दबला की ती वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. फेरी संपल्यावर बघितलं की कळतं, आज जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल लागला. माझ्या मते सायकलच्या इतिहासात इतका निर्विकार चहाडखोर दुसरा झाला नाही. तुम्ही पार्किंगमध्ये कितीही रंगवून सांगा, "तो शेवटचा ड्रॉप काय होता राव!" रिंग सांगते: 94 मिलिमीटर. आमच्या स्नेह्यांना ती रिंग फार झोंबते. 170 चे पैसे मोजलेत आणि रिंग शंभरच्या आतबाहेर घुटमळते, हे त्यांच्या सांगलीच्या हिशेबी मनाला सहन होत नाही. त्यांनी त्यावर उपाय शोधला. फोर्कमधली हवा कमी केली. आता रिंग पार वरपर्यंत जाते, पैसे वसूल होतात. मात्र सायकल पाण्यातल्या होडीसारखी खालीवर होते आणि पेडल खाली आलं की दगडावर खाडकन आपटतं.

इथे रिंगवरही थोडा अन्याय होतो, तो दूर करायला हवा. हवेवर चालणारा फोर्क मुद्दामच असा बनवलेला असतो, की सुरुवातीला तो पटकन दबतो आणि शेवटी शेवटी ताठर होत जातो. शेवटचे वीस-पंचवीस मिलिमीटर हे चुकून आलेल्या मोठ्या दणक्यासाठी राखून ठेवलेले असतात. ते रोज वापरात आले नाहीत म्हणजे वाया गेले असं नाही. गाडीतली एअरबॅग उघडली नाही म्हणून कुणी कंपनीकडे पैसे परत मागायला जात नाही. शिवाय 160 म्हणजे 160 सगळे दगडासाठी, असंही नसतं. आपण नुसतं सायकलवर बसलो तरी ती आपल्या वजनाने खाली बसते. त्याला सॅग म्हणतात, आणि मागच्या बाजूला तो साधारण तीस टक्के ठेवतात. 160 चे 48 मिलिमीटर असे आपला देह पेलण्यातच जातात. ते जायलाच हवेत, कारण वाटेत खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा लागते. नाहीतर टायर क्षणभर हवेत राहतो, आणि हवेतला टायर ना वळवतो ना थांबवतो. सस्पेन्शनचं खरं काम हे आहे: टायर जमिनीला धरून ठेवणं. पाठीला आराम मिळतो तो वरकमाई.

तरीही रिंगची साक्ष पूर्ण खोटी पडत नाही. कारण ट्रॅव्हल वापरला जातो तो कशाने, हेही बघावं लागतं. एकदा चायना कॅम्पवर वहिनीही आल्या होत्या, साध्या हार्डटेलवर. म्हणजे पुढे फोर्क आणि मागे काही नाही. नवऱ्याच्या मागून उतरल्या आणि खाली आल्यावर म्हणाल्या, "अरे, एवढे पैसे घातलेस त्या सायकलमध्ये, आणि सगळा वेळ ब्रेक धरूनच उतरतोस की." बोलल्या सहज, पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने वर्मावर बोट होतं. पुढचा ब्रेक दाबला की वजन पुढे जातं आणि फोर्क दबतो. स्नेह्यांच्या फोर्कचा बराचसा ट्रॅव्हल दगडांनी खाल्लेला नव्हता. तो त्यांच्या तर्जनीने खाल्ला होता.

आणि तर्जनीला कोण चालवतं? भीती. माझ्या मते या सगळ्या मिलिमीटरांचा हिशेब शेवटी इथे येऊन पोहोचतो. शर्यतीतला माणूस ट्रॅव्हल घेतो तो जमीन बघून. आपण घेतो तो स्वतःची भीती बघून. वाटेत एखादाच खडक असतो, पण त्याच्या आधीची वीस मिनिटं तो डोक्यात असतो. त्या वीस मिनिटांसाठी जास्तीचे चाळीस मिलिमीटर घेतलेले असतात. खडकावर कदाचित ते लागतही नाहीत. पण ते आहेत, एवढ्या भरवशावर माणूस खडकापर्यंत जातो. रबरी रिंगला दगड मोजता येतो, हा भरवसा मोजता येत नाही.

भीतीचा हिशेब वयानुसार बदलतो, हेही खरं. आमच्या पिढीचं पहिलं सस्पेन्शन म्हणजे काळ्या सायकलच्या सीटखालच्या दोन जाड स्प्रिंगा. त्या कुरकुरायच्या, कधी चड्डीचं कापड पकडायच्या, आणि त्यांच्या भरवशावर आम्ही टेकड्यांवरून, नदीच्या घाटावरून, शाळेच्या पायऱ्यांवरूनसुद्धा उतरलो. डबलसीट. तेव्हा गुडघे नवे होते. माणसाच्या उभ्या पायांत आणि वाकलेल्या कोपरांत मिळून सहज चाळीस सेंटीमीटरचा ट्रॅव्हल असतो; कोणत्याही कारखान्याने अजून त्याची बरोबरी केलेली नाही. त्याची अडचण एवढीच, की पन्नाशीनंतर त्याचा रिबाउंड, म्हणजे दबल्यावर पुन्हा वर येणं, हळू होतो आणि सुटे भाग मिळत नाहीत. मग माणूस गुडघ्यातले गेलेले मिलिमीटर दुकानातून भरून आणतो. यात हसण्यासारखं आहे, पण चुकीचं काय आहे?

बरं, ही हाव फक्त पन्नाशीतल्या पैसेवाल्यांची, असंही म्हणता येत नाही. भारतात एक काळ असा आला, की प्रत्येक दहा वर्षांच्या मुलाला शॉकअपवाली सायकल हवी होती. पुढे दोन शॉकअप, मध्ये एक जाडजूड रंगीत स्प्रिंग. सायकल लोखंडाची, इतकी जड की जिन्यावरून उचलायला बाबा लागायचे. पेडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंगमध्ये जिरायचा आणि सायकल जागच्या जागी झुलायची. सोसायटीच्या सिमेंटच्या अंगणात त्या शॉकअपचं काही काम नव्हतं. तरी साध्या सायकलवाला मुलगा तिच्याकडे ज्या नजरेने बघायचा, ती नजर मला आज सिलिकॉन व्हॅलीतल्या पार्किंगमध्ये हुबेहूब दिसते. फरक एवढाच, की आता जिन्यावरून उचलायला बाबा नाहीत.

एक फसगत मात्र सगळ्यांचीच होते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. नवी, मोठ्या ट्रॅव्हलची सायकल घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी सांगतो, की जुन्या सायकलवर ज्या उताराला उतरून चालायचो, तो आज बसल्या बसल्या गेला. बघा ट्रॅव्हलची कमाल. पण जुन्या आणि नव्या सायकलमध्ये बदललं काय काय? नव्वदच्या दशकात फोर्कचा कोन 71 अंशांच्या आसपास असायचा, आता 64-65 असतो; त्यामुळे पुढचं चाक बरंच पुढे जातं आणि उतारावर हँडलवरून उलटं पडण्याची धास्ती कमी होते. हँडल वीतभर रुंद झालं. चाकं 26 इंचांवरून 29 वर गेली, म्हणून खड्ड्यात रुतायची कमी झाली. टायर जाड झाले, ट्यूब गेली, हवेचा दाब 40 वरून 25 पीएसआयवर आला; म्हणजे टायरच पहिला शॉकअप झाला. बटण दाबलं की सीट खाली जाते, आणि मघाचे ते चाळीस सेंटीमीटरचे पाय मोकळे होतात. एवढ्या सगळ्यांनी मिळून उतार सोपा केला आणि हार पडला ट्रॅव्हलच्या गळ्यात, कारण आकडा त्याचाच पाठ असतो. हल्ली 120-130 मिलिमीटरच्या सायकलींनाही हेच कोन, हीच चाकं, हेच टायर मिळतात, आणि त्या चालवून बघणारा थोडा गोंधळतो. उतार तोच, भीतीही तेवढीच, आणि वर चढताना धाप मात्र कमी.

कारण जास्तीच्या मिलिमीटरांचं भाडं चढावर भरावं लागतं. तासभर चढायचं आणि दहा मिनिटं उतरायचं, हा या खेळाचा नित्यक्रम. मोठ्या ट्रॅव्हलची सायकल पंधरा-सोळा किलोची. त्यात जाड टायर, मोठे ब्रेक. तासभर आपण शॉकचा खटका दाबून तो लॉक करतो आणि न वापरायच्या वस्तूचं वजन वर वाहतो. गेल्या काही वर्षांत बॅटरीवर चालणाऱ्या माउंटन बाइक आल्या आणि हे भाडंही माफ झालं. मोटर चढ चढवते, मग 170 काय आणि 180 काय! मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींचं असंच झालं होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या मागच्या चाकाचा ट्रॅव्हल 100 मिलिमीटरच्या आसपास होता तो पाहता पाहता 300 वर गेला; ओझं इंजिन वाहत होतं. आम्हाला लहानपणी शिकवलं होतं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. इथे पाय तेवढेच आहेत, अंथरूण मात्र दर मोसमात वाढतं आहे.

दुसरं भाडं जरा सूक्ष्म आहे. मोठा ट्रॅव्हल वाट गुळगुळीत करून टाकतो. मुळं, खडी, ओघळ, सगळं खालच्या खाली गडप. चायना कॅम्पसारख्या मुळातच सौम्य वाटेवर मग उरतं काय? माणसाला कंटाळा येतो. कंटाळा आला की तो वेग वाढवतो, किंवा आणखी अवघड वाट शोधतो, आणि तिथे पुन्हा तेवढेच दणके, तेवढीच भीती. मग पुन्हा दुकान. म्हणूनच "मला किती पुरेल?" याचं उत्तर मोठ्या सायकलवर बसून कधीच मिळत नाही. ते कळतं ते लहान आकड्याच्या सायकलवर. वहिनींची हार्डटेल एक दिवस मागून घेतली तर स्नेह्यांना एका उतारात कळेल, की आपले कुठले मिलिमीटर दगडासाठी होते आणि कुठले स्वतःसाठी. ते अजून घेत नाहीत. त्यांना ते कळायला नको असावं, आणि मी आग्रहही करत नाही.

आग्रह करणारी एक वेगळी जमात आहेच. हार्डटेलवाले, आणि त्याहून कडक म्हणजे फोर्कही न वापरणारे, एकाच गिअरवर चालणारे संन्यासी. तुम्ही भेटल्या भेटल्या ते सांगतात, की खरी वाट हाताला कळली पाहिजे, ट्रॅव्हल म्हणजे आळशीपणा, दगडांमधून चाकाची वाट निवडायला शिका. बोलतात ते बरोबर. पण तिथेही आकडाच मिरवला जातो, फक्त तो शून्य असतो. शिवाय त्यांच्या कार्बनच्या, स्प्रिंग नसलेल्या फोर्कची किंमत ऐकली की त्याग केवढ्याला पडतो ते कळतं. मोठा आकडा सांगताना स्नेह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, तेच या मंडळींच्या चेहऱ्यावर "शून्य" म्हणताना येतं. आणि उतार संपल्यावर हात झटकत, बोटं उघडमीट करत उभे राहिलेले पहिले हेच दिसतात.

तेव्हा लोक गरजेपेक्षा जास्त ट्रॅव्हल घेऊन हिंडतात का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: हो, हिंडतात. अगदी सर्रास. पण त्यावरून कुणाला उपदेश करावा असं मला वाटत नाही. कारण गरजेचाच विषय काढायचा, तर मुळात सायकलवरून डोंगर उतरण्याची गरज कुणाला आहे? वर नेऊन सोडणारा आणि खाली आणणारा चांगला डांबरी रस्ता असताना चिखल, मुळं आणि खडकांतून यायचं, आणि त्यासाठी पहाटे उठायचं, हे सगळंच गरजेच्या पलीकडचं. 1976 साली त्या तरुणांना तरी कुठे गरज होती? एवढा हत्ती आपण आनंदाने जाऊ दिला आणि आता चाळीस मिलिमीटरच्या शेपटापाशी अडून बसलो आहोत. भीती थोडी कमी करून माणूस घराबाहेर पडत असेल, तर त्या मिलिमीटरांनी आपलं काम केलं.

माझी तक्रार आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर आहे. एवढी महागाची यंत्रं घेऊन त्यांच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही. फोर्कचं तेल साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर बदलावं, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका खोक्यात असते, खोका गराजमध्ये असतो. शॉकमधली हवा हळूहळू कमी होते, रिबाउंडचा लाल खटका दुकानदाराने ठेवला तिथेच राहतो. सॅग नीट लावलेली 130 ची सायकल, न लावलेल्या 170 च्या सायकलपेक्षा जमिनीला जास्त धरून चालते. हे सिद्ध करायला प्रयोगशाळा नको, एक छोटा शॉक पंप आणि पाच मिनिटं पुरतात. शेवटची हवा कधी भरली होती ते आठवत नसेल, तर 130 आणि 170 मधला फरक तुमच्यासाठी तूर्त तरी फक्त बिलावर आहे.